काळजीचे ओरखडे

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र हाती आले, तेव्हा एका खेड्यातल्या डॉक्टरकडून सर्पदंश, हिवताप किंवा बाळंतपण यांपैकी एखाद्या विषयावरील अनुभव त्यांना अपेक्षित असणार, हे मी ओळखले. तथापि गेले वर्षभर माझ्या मनात जो विषय घोळतो आहे, तो या चौकटीत बसणारा नाही. मी लिहिणार आहे जुन्या मोटारीच्या उडालेल्या रंगाविषयी आणि त्यावरील ओरखड्यांविषयी. डॉक्टर मित्रांनी व इतर वाचकांनी थोडा धीर धरावा. लेख संपेपर्यंत विषय अगदीच परका वाटणार नाही, असा मला विश्वास आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका आपल्यापैकी पुष्कळांना दांडेलीच्या जंगलामुळे आणि काळी नदीमुळे ठाऊक असेल. पूर्वी हा सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरला वसली. तेथेच १९८६ साली मी दवाखाना थाटला. बेळगावला राहून व्यवसाय करावा, असा घरच्यांचा आग्रह होता. पण दोन वर्षे रामनगरला काढून परत येतो, असे मी त्यांना सांगितले होते. ती दोन वर्षे अद्याप संपलेली नाहीत.

१९८८ साली एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. गडद निळा रंग, चकचकीत बंपर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीला लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. आमच्या भागात तिला तेही नाव नव्हते. ती 'डॉक्टरांची गाडी' होती. पावसाळ्यात डिग्गीकडच्या किंवा अणशीकडच्या वाड्यांतून बांबूला घोंगडी बांधून माणसे रुग्णाला रस्त्यापर्यंत आणीत. तेथून पुढे दांडेली अथवा बेळगाव गाठण्याचे काम या गाडीचे. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ साली सुरू झाली. त्याआधीची वीस वर्षे आमच्या पंचक्रोशीत अडीअडचणीला ही निळी गाडीच धावली.

गाडी चालवीत ते आमचे मामा. ते दवाखान्यात कंपाउंडर, रस्त्यावर चालक आणि रात्री-अपरात्री हाक मारली तर मदतनीस. कुणबी समाजातले, कॅसलरॉकच्या वाटेवरच्या वाडीत राहणारे. माझ्या मुलीने बोलायला लागल्यावर त्यांना मामा म्हटले आणि पुढे सारे गाव म्हणू लागले. रोज सकाळी साडेसहाला ते येत, अंगणातल्या विहिरीची एक बादली पाणी काढीत आणि जुन्या धोतराच्या फडक्याने गाडी पुशीत. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असली की कोरडेच फडके फिरवीत. आठवड्यातून एकदा फडक्याला जरा रॉकेल लावीत, म्हणजे गाडी उजळून निघे. रुग्णवाहिका आली, गाडीचे धावणे थांबले, ती शेडमध्ये विसावली. पण मामांचे फडके काही थांबले नाही.

मागील वर्षी मुलीचे लग्न ठरले. वरातीला हीच गाडी हवी, असा तिने हट्ट धरला. पाऊस सरला होता, आकाश स्वच्छ होते. सकाळच्या कोवळ्या उन्हात गाडी अंगणात काढली आणि मी प्रथमच तिच्याकडे निरखून पाहिले. बॉनेटवर जेथे सूर्याचे प्रतिबिंब पडले होते, त्याच्याभोवती कोळ्याचे जाळे विणावे तसे असंख्य बारीक गोल ओरखडे दिसत होते. चंद्राला खळे पडावे तसे हे सूर्याचे खळे. एरवीच्या सावलीत गाडी नुसती निस्तेज वाटे. उन्हात तिचा रोग स्पष्ट दिसला.

डॉक्टरला स्वतःवर उपचार करण्याची जी खोड असते, तीच येथेही नडली. बेळगावहून एक बफिंग यंत्र भाड्याने आणले आणि रबिंग कंपाउंडचा डबा घेतला. यंत्राची लोकरी गादी एकाच दिशेने भरवेगात गरगर फिरत होती. पहिल्या पाच मिनिटांत बॉनेटचा मधला भाग असा काही झळकला की मला शल्यविशारद झाल्यासारखे वाटू लागले. मग यंत्र कडेकडे नेले. क्षणभर जळका वास आला आणि बॉनेटच्या धारेवर बोटभर लांबीचा राखाडी पट्टा उमटला. रंग संपून खालचा प्राइमर उघडा पडला होता. मामा बाजूला उभे राहून पाहत होते. गादीला लागलेला निळा रंग त्यांनी बोटाने पुसून पाहिला आणि विचारले, "डॉक्टर, तुम्ही पॉलिश लावलं की काढलं?"

या प्रश्नात सगळे शास्त्र सामावले आहे, हे मला दिवाळीत समजले. माझा पुतण्या पुण्याजवळच्या एका कारखान्यात मोटारींच्या रंगविभागात काम करतो. तो सुटीला आला. त्याने गाडी शेडमध्ये घेतली, दारे लावली आणि हातातल्या विजेरीचा प्रकाश पत्र्यावर टाकला. "काका, हे ओरखडे गोल नाहीत," तो म्हणाला, "ते सगळ्या दिशांना गेलेले आहेत. विजेरीच्या प्रतिबिंबाभोवती जे वर्तुळाला समांतर पडतात, तेच तेवढे आपल्या डोळ्यांकडे प्रकाश फेकतात. बाकीचे आहेत, पण दिसत नाहीत." त्याने विजेरी सरकवली, तसे खळेही सरकले. संपूर्ण गाडीभर ते होतेच. आपण प्रकाश नेऊ तेथे ते प्रकट होत होते.

मग त्याने खिशातून एक लहानसे उपकरण काढले. पोलादी पत्र्यावर टेकवले की वरच्या रंगाची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये दाखवणारे ते यंत्र. छतावर १४०, बॉनेटच्या मध्यावर ११०, कडेजवळ जेमतेम ६०. मी यंत्र नेमके जेथे दाबून धरले होते, तेथे देण्यासारखे काही शिल्लकच नव्हते. कोणत्याही धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि यंत्राचा दाब व उष्णता तेथेच एकवटते.

आजच्या मोटारींचा रंग थरांचा असतो: पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्राइमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. या सर्वांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात पारदर्शक थराचा वाटा सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस याहून जाड भरेल. नेत्रतज्ज्ञ मित्रांना हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण कॉर्नियाच्या बाह्य आवरणाची, म्हणजे एपिथेलियमची, जाडीही जवळपास ५० मायक्रॉनच असते. साम्य मात्र येथेच संपते. कॉर्नियावर नखाचा ओरखडा उठला तर ते आवरण एक-दोन दिवसांत पुन्हा वाढून येते. मोटारीच्या रंगाला पेशी नाहीत. तो भरून येत नाही.

मग पॉलिश केल्याने ओरखडे जातात ते कसे? ओरखडा म्हणजे सपाट पृष्ठभागावरील एक सूक्ष्म चर. त्याच्या तीक्ष्ण कडांवर प्रकाश विखुरतो, म्हणून तो पांढुरका दिसतो. पॉलिशमधील बारीक अपघर्षक कण आसपासचा पृष्ठभाग झिजवत झिजवत चराच्या तळाच्या पातळीवर आणतात. म्हणजे ओरखडा बरा होत नाही, त्याच्या भोवतालची निरोगी जमीनच खाली आणली जाते. प्रत्येक खेपेस दोन-चार मायक्रॉन खर्ची पडतात आणि ते कधीही परत मिळत नाहीत. आमच्या पद्मिनीवर तर पारदर्शक थर नव्हताच. जो झिजत होता तो रंगच होता, म्हणून गादी निळी झाली होती. अतिनील किरणांपासून संरक्षण करणारी द्रव्ये नव्या मोटारींच्या पारदर्शक थरात असतात, त्यामुळे तो पातळ झाला की संरक्षणही त्या मानाने उणावते. लासिक शस्त्रक्रियेपूर्वी कॉर्नियाची जाडी मोजतात आणि तळाशी किमान २५० मायक्रॉन उरतील असा हिशेब मांडतात. तसाच हिशेब येथेही आधी मांडावा लागतो.

हे ऐकून माझी पत्नी म्हणाली, "म्हणजे ही कल्हई नव्हे, चिंच लावून घासणं आहे." इतक्या थोडक्या शब्दांत मलाही सांगता आले नसते. कल्हई भांड्यावर चढते. चिंचेने घासलेले पितळ उजळते ते वरचा थर गेल्यामुळे. आपण पॉलिश 'चढवतो' असे म्हणतो, प्रत्यक्षात ते उतरवणे असते. रॉकेल, खोबरेल, तसेच चकाकी आणणारी काही तेलकट मिश्रणे ओरखड्यांत भरून बसतात आणि ते झाकतात. चार धुण्यांनंतर ते पुन्हा उघडे पडतात. ज्वर उतरवणारी गोळी आणि ज्वराचे कारण यांत जो फरक, तोच हा.

"पण हे मुळात झालं कशामुळे?" मी पुतण्याला विचारले. त्याने खुंटीवरचे मामांचे फडके काढले आणि विजेरीखाली धरले. त्याच्या विणीत आमच्या रस्त्यांचा तांबडा फुफाटा अडकलेला होता. जांभ्याच्या या मातीत लोहाची संयुगे असतात, तसे गारगोटीचे कणही असतात, आणि गारगोटी ही काचेपेक्षाही कठीण. गंमत अशी की दागिने उजळण्यासाठी वापरली जाणारी तांबडी भुकटीही लोहाच्या ऑक्साइडचीच. अतिशय बारीक आणि एकसारखी असली की ती झिलई आणते. भरड कण फडक्याखाली घासले की ओरखडे उमटतात. गाडीवर आधी धूळ असावी, तिच्यावर कोरडे फडके फिरावे, ते एकाच बादलीत बुडवून पुन्हा फिरवावे, असे जवळजवळ छत्तीस वर्षे रोज चालले होते.

मामा दारात उभे होते. मी हसत हसत, पण विचार न करता बोलून गेलो, "मामा, हे सगळं तुमच्या फडक्याचं काम." ते काहीच बोलले नाहीत. फडके घेऊन गेले, विहिरीवर धुतले आणि दोरीवर वाळत घातले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला बादलीचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आपल्या व्यवसायात ही गोष्ट नित्याची आहे. बाळाच्या डोळ्यांत आईने प्रेमाने काजळ घातलेले असते, कानात गरम तेल सोडलेले असते, पोटावर डाग दिलेला असतो. तिला "हे तूच केलंस" असे म्हणणारा डॉक्टर निदान अचूक करतो आणि रुग्ण गमावतो. हे मी तरुण सहकाऱ्यांना किती वेळा सांगितले असेल! मात्र माझ्या अंगणात मी तेच केले होते.

चौथ्या दिवशी मी मामांच्या घरी गेलो. त्यांनी गुळाची कोरी कॉफी समोर ठेवली. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग मी त्यांना जे कधीच बोललो नव्हतो ते बोललो. १९८७ च्या पावसाळ्यात तापाने फणफणलेले दोन वर्षांचे एक मूल दवाखान्यात आले होते. वडिलांना इंजेक्शनच हवे होते, त्याशिवाय डॉक्टरने काही केले असे त्या काळी कुणाला वाटत नसे. मी मांडीत इंजेक्शन दिले. चार दिवसांनी तोच पाय लुळा पडला. तो पोलिओ होता. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या मुलास स्नायूत इंजेक्शन दिल्यास त्याच अवयवाला पक्षाघात होण्याचा संभव वाढतो, ही गोष्ट १९५० च्या सुमारासच वैद्यकीय नियतकालिकांतून मांडली गेली होती. मी ती शिकलो होतो आणि विसरलो होतो. पाय इंजेक्शनमुळे गेला की एरवीही गेला असता, हे मला कधीच कळणार नाही. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला, तेव्हा पेढे वाटतानाही मला तो पाय आठवत होता.

मामा बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तो पाय मी धरला होता, डॉक्टर."

इतकी वर्षे आम्ही दोघे एकाच गाडीतून हिंडलो आणि हे आमच्यात कधी निघाले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्यानंतर तुम्ही काय केलंत?"

"नुसत्या तापाला इंजेक्शन देणं सोडलं. रुग्ण कमी झाले, तुम्हाला माहीतच आहे."

"मग मीही फडकं सोडतो," ते म्हणाले. "नवीन काय वापरायचं ते दाखवा."

पुढचे तीन दिवस आम्ही तिघांनी मिळून काम केले. वाचकांपैकी ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांच्या उपयोगासाठी ते क्रमाने सांगतो. प्रथम नळीने भरपूर पाणी मारले आणि सुटी धूळ हात न लावता वाहून जाऊ दिली. मग दोन बादल्या घेतल्या, एकीत गाडीचा सौम्य शांपू, दुसरीत स्वच्छ पाणी. मऊ हातमोजा साबणात बुडवायचा, एक भाग वरून खाली सरळ रेषेत धुवायचा आणि पुन्हा साबणात घालण्याआधी दुसऱ्या बादलीत खळबळून त्यातली माती सोडायची. हे सारे सावलीत, पत्रा गार असताना. सर्वांत मळके भाग, म्हणजे चाकांच्या वरच्या कमानी व दारांचा तळ, शेवटी आणि वेगळ्या कापडाने. भांड्यांची पावडर वापरायची नाही. पुसण्यासाठी सूक्ष्मतंतूंचा जाड टॉवेल. घासायचे नाही, टेकवून पाणी टिपून घ्यायचे. टॉवेल जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय तो पुन्हा गाडीला लावायचा नाही. शस्त्रक्रियागृहातील नियम मामांना ठाऊक असल्याने हा भाग समजावून सांगावा लागला नाही.

धुतल्यावरही पत्र्यावरून हात फिरवला तर खरखर लागते. झाडांचा चीक, लोखंडाचे बारीक कण रंगात रुतलेले असतात. मळलेल्या कणकेसारखी एक खास माती मिळते. ती साबणाच्या पाण्यावरून हलकेच फिरवली की हे कण तिच्यात अडकून निघतात. त्यानंतर कडांवर व जोडांवर कागदी चिकटपट्टी लावली. यंत्र या खेपेस निराळे होते: त्याची गादी स्वतःभोवती फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. तरीही आधी हातभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ गादी वापरून पाहिली. जे सौम्य औषधाने साधते त्यासाठी तीव्र औषध काढायचे नाही. चार-पाच संथ फेऱ्या, पुसणे, विजेरीने तपासणी आणि पुन्हा जाडीचे मोजमाप. शेवटी कार्नुबा मेणाचा पातळ हात. हे मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. ते काही आठवडे पावसापासून आड उभे राहते, ओरखडे मात्र काढत नाही. आता सिरॅमिक लेप व पारदर्शक फिल्मही मिळतात; पण तेही आधी पृष्ठभाग नीट केल्यावरच लावायचे असतात आणि धुण्याची शिस्त त्यांनाही चुकत नाही.

काही जागी आम्ही थांबलो. छतावरील ओरखड्यांपैकी खोल होते ते पूर्ण काढण्याचा मोह टाळला. सात-आठ आणे गुण आला, तेवढ्यावर समाधान मानले. सोपी कसोटी अशी की ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तो पॉलिशच्या आवाक्यातला नाही. ज्या नव्या गाड्यांचा पारदर्शक थर पापुद्र्यासारखा सुटू लागला आहे, त्यांना पॉलिश करून उपयोग नसतो, पुन्हा रंगच द्यावा लागतो. मी जाळलेल्या धारेवर मामांनी बारीक कुंचल्याने निळा रंग भरला. जवळून पाहिले तर तो दिसतो. दिसू दे.

मागच्या डाव्या दाराच्या मुठीखाली नख अडकेल असे पंधरा-वीस ओरखडे आहेत. ते फडक्याचे नाहीत. अंधारात, पावसात, रुग्णाला टेकू देत दार उघडू पाहणाऱ्या हातांचे, त्या हातांतल्या बांगड्यांचे आहेत. पुतण्याने विचारले, "काका, एवढा भाग रंगवून घेऊ या का?" मी मामांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली आणि त्या भागावर नुसते मेण लावले.

वरात छान निघाली. उन्हात बॉनेटवर आकाश आणि आंब्याचे तोरण स्वच्छ दिसत होते. त्या दिवसापासून शेडमध्ये दोन बादल्या आहेत. मामा आता रोज गाडी पुशीत नाहीत. पंधरवड्यातून एकदा धुतात आणि एरवी तिच्यावर मऊ कापडाचे आच्छादन असते. सकाळी साडेसहाला ते तरीही येतात. रामनगरातल्या दोन-चार चालकांना त्यांनी ही पद्धत शिकवली आहे. शिकवताना ते कुणाला "तुझ्यामुळे झालं" असे म्हणत नाहीत. "माझ्याकडून झालं होतं," असे सांगून सुरुवात करतात.

मित्रहो, आपल्या हातून होणारी इजा बहुधा निष्काळजीपणातून होत नाही. ती काळजीतूनच होते, रोजच्या सवयीच्या, न तपासलेल्या काळजीतून. झिजलेला थर परत येत नाही. पुढचा ओरखडा टाळणे तेवढे आपल्या हाती असते. त्यासाठी अधूनमधून आपले फडके विजेरीखाली धरून पाहावे, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.